लांब दांडीची मोटार

आमच्या होडीत दोन माणसं लागतात. एक जाळ्यावर, एक वल्ह्यावर. जाळ्यावर म्हातारा आणि वल्ह्यावर मी. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच चाललं. बघणाऱ्याला वाटतं, जाळं ओढणारा तोच खरा मासे धरणारा, बाई नुसती बसलेली आहे. तसं नसतं. जागेवर जायला वल्हं लागतं ते कमीच. खरं काम जाळं वर येत असताना असतं. वारा होडीला एकीकडं ढकलतो, जाळं दुसरीकडं ओढतं, आणि तेवढ्यात होडी एका जागी उभी ठेवायची असते. थोडं इकडून मारायचं, थोडं तिकडून. चुकलं की जाळं होडीखाली जातं आणि फाटतं. हे काम माझं होतं. मला ते चांगलं यायचं. दुसरं फारसं काही येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यात लिहिणं-वाचणं शिकले, ते मात्र टिकलं.

म्हाताऱ्याला काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदूचं तसं नसतं. नांदेडच्या डॉक्टरने सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, म्हणून थेंब घालायचे. थेंब मी घालते. त्याला समोरचं एवढंसं दिसतं, नळीतून पाहावं तसं. बाजूला सगळा अंधार. गावात त्याचं निभतं, कारण गाव त्याच्या पायांना पाठ आहे. पाण्याला वाट नसते. म्हणून होडीतली नजर माझी होती. आमच्या जाळ्यांना खूण म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असतात. बाटली कुठं आहे ते मी बघायचं, होडी तिथं न्यायची आणि तिची दोरी त्याच्या हातात येऊ द्यायची. एकदा दोरी हातात आली की त्याला डोळे नकोत. रोहू आहे की चिलापी, कल्ल्यात अडकला आहे की पोटाशी, हे तो बोटांनी ओळखतो.

मग माझे खांदे गेले. आधी उजवा, वर्षाच्या आत डावा. साखर असली की असं होतं म्हणतात. हात छातीच्या वर जाईना. पदर डोक्यावर घ्यायचा तर मान खाली घालून घ्यावा लागे. कळमनुरीच्या डॉक्टरने दोन्ही हात धरून हलवून बघितले आणि म्हणाला, "आजी, वल्हं बंद."

"मंग होडी कोण हाकणार? तुमी येता का?"

"मला पोहता येत न्हाई."

"मला बी न्हाई येत," मी म्हणाले. ते खरं आहे. जन्म पाण्यावर गेला पण पोहायला कुणी शिकवलं नाही.

वल्ह्यावर दुसरा माणूस घेऊन बघितला. तो चार-आठ दिवस आला आणि मग चहाच्या टपरीवर सांगत सुटला की म्हाताऱ्याला बाटली नाकासमोर आली तरी दिसत नाही, बायको जगवून राहिली. ते म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या माणसाला काठावरूनच परत पाठवलं. पोरगा वाळूजला कंपनीत आहे. त्याला पाण्याची ओढ नाही आणि ती नाही हे बरंच आहे.

एका सकाळी उठले तर म्हातारा नव्हता, वल्ही नव्हती, होडीही नव्हती. ऊन डोक्यावर येईपर्यंत काठावर बसले. मग पलीकडच्या घरचा आमचा शेजारी त्याला आपल्या होडीमागं बांधून घेऊन आला. म्हातारा दिशा चुकून धरणाच्या पार दुसऱ्या काठाला, यवतमाळच्या बाजूला, कुणाच्या तरी हरभऱ्यात जाऊन लागला होता.

"काका, यवतमाळ जिल्ह्यात सोयरीक जमवायला गेले होते का?" शेजारी म्हणाला.

"पोरगी बरी व्हती," म्हातारा म्हणाला, "पण तिचा बाप घरी नव्हता."

सगळे हसले. मी त्याच्या हाताकडं बघत होते. होडी काठाला टेकली होती तरी त्याने होडीच्या पत्र्याची कड सोडली नव्हती. तो घाबरला होता आणि तरीही तो पुन्हा जाणार होता, हे मला कळलं. त्याला घरी बसवणं माझ्या हातात नव्हतं. भांडून झालं, रडून झालं नाही कारण मला रडता येत नाही, जेवण बंद करून झालं. तो एकटा जात राहिला तर एक दिवस परत येणार नाही, एवढं साधं होतं. तो जाऊ नये हे जमणार नसेल तर मी त्याच्यासोबत होडीत असायला हवं होतं. वल्हं नसताना होडीत कसं असायचं, एवढाच प्रश्न होता.

नरसीला दिलेली मुलगी भेटायला आली तेव्हा तिने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. होडीच्या मागं एक दांडी, तिच्या खाली छोटा पंखा, वर मूठ. बॅटरीवर चालते. मूठ फिरवली की पंखा फिरतो, मूठ वळवली की होडी वळते. ज्याच्या हातात ती होती तो गोरा माणूस दुसऱ्या हाताने चहा पीत होता.

"माय, याला खांदा लागत न्हाई," मुलगी म्हणाली. "मनगट लागतं फकत."

मनगटं माझी ठीक होती.

पेट्रोलच्या मोटारीचा विचार आधी झाला होता. ती आम्हाला झेपणारी नव्हती, आणि म्हाताऱ्याला तिचा आवाज नको होता. मासा पळतो म्हणे. बॅटरीवालीचे प्रकारही मोबाईलवर पुष्कळ होते. मुलगी वाचायची, आम्ही ऐकायचो. कुठली गोड्या पाण्याची, कुठली खाऱ्या पाण्याची, कुठली पुढं लावायची, कुठली मागं, कुठली पायाने चालवायची. एक माणूस हिंदीत सांगायचा की स्वस्तातली घेऊ नका, आणि त्याच्या खालचा दुसरा सांगायचा की महागड्याला फसू नका. दोघंही आपापल्या मोटारीजवळ हसत उभे होते. म्हातारा थोडा वेळ ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्यातल्या कुणाच्या होडीत मासा दिसला का गं?" मुलगी म्हणायची, न्हाई बाबा. "मंग बंद कर."

कळमनुरीच्या बाजारात बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या. दुकानदार आमच्याकडून मरळ मासा घेतो, खूप वर्षांची ओळख. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "चाची, एक तो मेरे पास पडी है." कुणा बागायतदाराने शेततळं केलं होतं, त्यात नातवंडांना फिरवायला म्हणून ही मोटार मागवली होती. मोटार येईपर्यंत तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटून पाणी निघून गेलं. माणूस मोटार न्यायला आलाच नाही. ती खोक्यात पडून होती म्हणून दुकानदार कमीत द्यायला तयार होता.

आम्ही तिघं गेलो. त्याने खोकं उघडून मोटार टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"किती एचपीची हाय?"

"चाचा, ये पंप नहीं. इसको एचपी नसतो. याचा धक्का मोजतात."

"धक्का तर आमची म्हैस बी मारती. तिला बांधू का होडीमागं?"

"बांधो ना. पर म्हैस चार्ज नहीं होती."

म्हातारा खूश झाला. त्याला बरोबरीने बोलणारा माणूस आवडतो.

दुकानदाराने सांगितलं की ही मोटार दोन दांड्यांत येते, एक आखूड आणि एक लांब. ही लांब आहे. आखूड पाहिजे तर मागवावी लागेल, नवी, आणि तिला अशी सूट मिळणार नाही.

"दोन्हीत फरक काय?" मुलीने विचारलं.

"लंबाई का."

"ते मला दिसून राहिलं, मामू. लांब कशाला लागती अन् आखूड कशाला?"

त्याने खोक्यातला कागद काढला. त्यावर इंग्रजी होतं आणि दुसऱ्या बाजूला चिनी. तो कागद त्याने दोनदा उलटला. "लिखा होगा कहीं," तो म्हणाला. त्याचा दोष नाही. त्याने अशी मोटार पाण्यात कधी पाहिली नव्हती. आमच्या साऱ्या मुलुखात कुणी पाहिली नसेल. मुलगी मला म्हणाली, "माय, कुणाला तरी विचारून घेऊ." मी म्हणाले, "कोणाला?"

"त्यात काय विचारायचं," म्हातारा म्हणाला. "आपल्या धरणात पाणी किती खोल हाय? लांबच पाहिजे."

आम्हा दोघींना ते पटलं. दुकानदारालाही पटलं. कारण आमच्यात होडीचा बांबू असाच निवडतात. काठाजवळ वल्हं चालत नाही, तिथं बांबू तळाला टेकवून होडी ढकलायची असते. पाणी जेवढं खोल तेवढा बांबू लांब. आखूड बांबू घेऊन धरणात उतरणाऱ्याला सगळे हसतात, "ओढ्यावर चालला का" म्हणतात. लांब बांबूने कुणाचं कधी बिघडलं नाही. आयुष्यभर ज्याच्या हातात बांबू होता त्याने लांब दांडी स्वस्तात मिळत असताना आखूड का घ्यावी? तर लांब घेतली.

मोटारीची दांडी तळाला टेकवायची नसते, हे आम्हाला नंतर कळलं. पंखा पाण्यात बुडाला की झालं. लांबी बघायची ती होडीच्या कडेपासून पाण्यापर्यंतची. उंच होडीला लांब दांडी, बसक्या होडीला आखूड. आमची होडी पत्र्याची आणि बसकी आहे, तिची कड माझ्या गुडघ्याच्याही खाली येते.

बॅटरीच्या बाबतीत दुकानदाराने खरं सांगितलं. ट्रॅक्टरची लावू नका, ती एका झटक्यासाठी असते, सावकाश चालवली तर मरते. इन्व्हर्टरची घ्या. तिचं वजन एवढं की मला हलवताही येईना. घरात चार्ज करायची आणि काठापर्यंत न्यायची. म्हातारा ती चुंबळ करून डोक्यावर घ्यायचा आणि उतारावरून चालायचा. त्याला दगड दिसायचे नाहीत, म्हणून मी पुढं चालून सांगायची. "दगड." "खड्डा." "बाभळीची फांदी, वाका." तो म्हणायचा, "नवरदेवासारखी वरात काढून राहिली माझी."

पहिल्या दिवशी मोटार मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळली, बॅटरीचे चिमटे लावले आणि मूठ फिरवली. होडी निघाली. आवाज नाही, हिसका नाही. मूठ माझ्या कमरेजवळ होती आणि खांद्याला काही कळतही नव्हतं. म्हातारा पुढं बसला होता. त्याने हात पाण्यात घातला, वेग किती आहे ते बघायला. "चालली की गं," म्हणाला. खोल पाण्यात ती चांगलीच चालली. ते मी नाकारत नाही.

पण आमची जाळी खोल पाण्यात नसतात. धरण भरलं तेव्हा काठाची जी शेतं बुडाली, त्यांच्या बांधावरची बाभळीची झाडं अजून पाण्यात उभी आहेत. काळी, वाळलेली, काही वर दिसणारी, काही पाण्याखाली. मासा तिथं असतो म्हणून जाळीही तिथंच असतात. तिथं पोचलो आणि खालून खट् असा आवाज झाला, मोटार उडाली आणि मूठ माझ्या बरगडीत बसली. पंखा खोडाला लागला होता. वाट बदलली तर पुढं तो चिखलात रुतला. सुटून निघालो तर होडी जागेवरच थांबली, मोटार घुरघुरायला लागली. मी ती बंद करून वर उचलायला सांगितली. म्हाताऱ्याने दांडी उचलली तर पंख्याला नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं. आमचं नव्हतं. शेजाऱ्याचं होतं.

वल्हं जाळ्यावरून जातं, जाळ्याला कळतही नाही. ही दांडी एवढी खाली होती की वाटेतलं प्रत्येक जाळं तिला लागणारच.

शेजारी काठावर उभा होता. "काकी, आमचं जाळं काहून कापून राहिल्या?"

"काहून म्हणजे? हौस आली म्हणून."

"मोटार आणली अन् गावाची जाळी कापायला काढली. आता जेसीबी आणा."

आमच्यात जाळं फाडलं तर पैसे द्यायची रीत नाही. ज्याने फाडलं त्याने ज्याचं फाटलं त्याच्या ओट्यावर बसून गाठी मारून द्यायच्या, सगळ्यांच्या देखत. म्हातारा शेजाऱ्याच्या ओट्यावर बसला. डोळे मिटून त्याने जाळ्याची घरं विणली आणि ती जुन्यापेक्षा बरी विणली. येणारा-जाणारा विचारायचा, "काका, मोटार डिझेलऐवजी जाळं खाती का?" तो हसून उत्तर द्यायचा. मला त्याचं हसणं बरं वाटत नव्हतं.

दांडी वर सरकवता येते. स्क्रू ढिला करून पंखा पाण्याच्या वरच्या थरात आणला, तो तिथं नीट चालला. पण दांडी जेवढी वर आली तेवढी मूठही वर आली. बसल्यावर ती माझ्या कपाळासमोर आली. माझे हात छातीच्या वर जात नाहीत. उभी राहून बघितलं, होडी कलली आणि म्हातारा ओरडला. मुठीला काठी बांधून बघितली, ती फिरायची पण वळायची नाही. खाली ठेवली तर खोडं आणि जाळी, वर घेतली तर माझा हात पोचत नाही. मी त्या मोटारीजवळ बसून राहिले. एवढी चांगली वस्तू, आणि तिचं काय करावं ते सुचेना.

दुकानात गेलो. तो म्हणाला, "चाची, पानी में गयी हुई चीज़ कंपनी वापस नहीं लेती." त्याचा चेहरा उतरला होता, ते मी पाहिलं. पण चेहरा उतरल्याने दांडी आखूड होत नाही. मुलगी म्हणाली, दांडी कापून घेऊ. दुकानदार म्हणाला, आत वायर आहे, कापलं की गॅरंटी गेली. म्हातारा म्हणाला, "चांगला बांबू कोणी कापतं का? मी धरतो मूठ. माझे हात धड हायेत. तू पुढं बसून सांग."

तसं करून बघितलं. तो मागं बसून मूठ धरायचा, मी पुढून सांगायची. डावीकडं. अजून डावीकडं. आता सरळ. खोड आहे, खोड आहे, बंद करा. जाळ्यापर्यंत आम्ही पोचायचो. मग तो मूठ सोडून चार पायांवर पुढं यायचा, मी त्याच्या बाजूने मागं सरकायची आणि तो दोरी धरून ओढायचा. तेव्हा होडी धरून ठेवायला कुणी नसायचं. मोटार होती पण मूठ माझ्या कपाळासमोर होती. वारा होडीला फिरवायचा, जाळं खाली जायचं, तो शिव्या द्यायचा. मला नाही, वाऱ्याला. मी नुसती बघत बसायची. होडीत एक जास्तीचं पोतं असावं तशी.

एक दिवस तो म्हणाला, "तू नुसती बोलतीस. बोलायला होडीत काहून पाहिजे? एक माणूस कमी असलं तर होडी हलकी चालती."

दुसऱ्या सकाळी तो एकटा गेला. बॅटरी त्याने कशी नेली, उतारावरून कसा उतरला, कोण जाणे. मी काठावर आले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. वल्हं असतं तर पाण्यावरून आवाज येतो. माणूस दिसला नाही तरी किती लांब आहे ते कळतं. त्या मोटारीला आवाजच नव्हता. मोटार मी होडीत बसता यावं म्हणून आणली होती. ती आल्यामुळे त्याला माझी गरज उरली नव्हती, आणि तो कुठं आहे हेही मला कळत नव्हतं. मी हाका मारायला लागले. हाका कसल्या, शिव्याच. बापाच्या नावापासून सुरू केलं. काठावरच्या बाया बाहेर आल्या, हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

पुष्कळ वेळाने तो आला. सरळ माझ्याकडंच आला.

"आवाज बराबर येतो तुझा," तो म्हणाला. "त्याच्यावरच आलो. रोज असाच देत जा."

तेव्हापासून ते माझं काम झालं. तो जायचा, मी काठावर बसायची. ऊन चढलं की हाका सुरू करायच्या, तो येईपर्यंत. घसा बसला की ताट वाजवायचं. ताटाचा आवाज त्याला पटायचा नाही, चारही बाजूंनी येतो म्हणे. मासे फार येत नव्हते. कधी एखाद-दोन चिलापी, कधी काहीच नाही. थंडी पडली की मासा तळाला जातो, म्हणायचा. थंडीत तसं होतं. मी मानलं. शेजारी एकदा म्हणाला, "काकी, काका कुठं फिरून राहिले असतात? त्या काळ्या बाभळींत तर दिसत न्हाईत." मी म्हणाले, "जागा बदलली असंल."

त्या काळ्या बाभळींतच आमची जाळी होती.

मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिला सांगितलं, दांडी कापायची. म्हातारा दुपारी झोपला होता. आम्ही मोटार गोधडीत गुंडाळून जीपमध्ये ठेवली. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा एक जण बाजारात आहे. त्याने ती उलटीपालटी करून बघितली, मूठ काढली, वायर ओढून घेतली आणि दांडी वरच्या बाजूने करवतीने कापली. भाजी चिरल्यासारखी. मूठ परत बसवून म्हणाला, "चालली तर चालली. बंद पडली तर माझ्या दारात आणू नका."

घरी आलो तेव्हा म्हातारा ओट्यावर बसला होता. मुलीने मोटार समोर ठेवली. त्याने दांडी वरून चाचपली, खालून चाचपली, मग पुन्हा वरून.

"कोणाला विचारून कापली?"

"कोणालाच न्हाई," मी म्हणाले.

"माझी वस्तू व्हती ती."

"होडी दोघांची हाय."

तो आत गेला आणि जेवला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, सकाळी बघा तरी."

सकाळी मी त्याच्या आधी गेले. बॅटरी मुलीने आणून दिली. मी मागं जाऊन बसले आणि मूठ धरली. ती कमरेच्या थोडी वर होती आणि पंखा जेमतेम पाण्यात होता. म्हातारा आला, होडीची कड हाताने धुंडाळली, आणि मी मागं बसले आहे ते त्याला हाताला पदर लागल्यावर कळलं.

"उतर."

"बसायचं तर बसा. न्हाईतर मी एकली चालले."

"तुला जाळं वढता येत न्हाई."

"मंग नुसतीच फिरून येते. तुमच्यासारखी."

ते मी चिडून बोलले होते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तो कड धरून पुढं जाऊन बसला.

मोटार चालली. खोडांवरून चालली, शेजाऱ्याच्या जाळ्यावरून चालली आणि काही अडकलं नाही. काळ्या बाभळींत आलो. आमची बाटली मला लांबूनच दिसली, हिरवी, शेवाळ धरलेली. मी होडी तिच्याजवळ नेली. म्हातारा हात पुढं करून बसला होता, पण हात बाटलीच्या दिशेला नव्हता.

"कुठं हाय?"

"तुमच्या उजव्या हाताशी."

त्याने उजवा हात पाण्यावर फिरवला. बाटली एवढी जवळ होती की लहान पोराने धरली असती. मी होडी आणखी वळवली, बाटली पत्र्यावर टक् करून आपटली, तेव्हा त्याने ती धरली. दोरी घेतली, ओढली. जाळं जड आलं. पहिलं घर वर येण्याच्या आधी वास आला.

सगळं जाळं भरलेलं होतं. रोहू, कटला, चिलापी, सगळं कुजलेलं. काही नुसते काटे होते, बाकीचं खेकड्यांनी आणि कासवांनी खाल्लं होतं. कुणीतरी परवा-तेरवा घातलेलं जाळं नव्हतं ते. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं घातलं होतं तेच होतं. तो एवढे दिवस एकटा येत होता आणि त्याला ते सापडलंच नव्हतं. एवढा वेळ धरणात कुठं बसत होता, कुठं फिरत होता, ती एखाद-दोन चिलापी कुणाकडून आणत होता, मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तो जाळं ओढत राहिला. एकेक मासा बोटांनी सोडवत होता आणि पाण्यात टाकत होता. सोडवताना तो प्रत्येक मासा ओळखत होता, ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं. वारा सुटला होता. मी मूठ थोडी इकडं, थोडी तिकडं करून होडी उभी धरली. होडी जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "समोरची नजर बी गेली. आठ-पंधरा दिवस झाले."

"थेंब घातलेत रोज."

"थेंबांचं न्हाई बोलून राहिलो."

"डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ की."

आम्ही गेलो. डॉक्टरने आधीचंच सांगितलं आणि थेंबांची दुसरी बाटली लिहून दिली.

जाळं निम्मं कापून टाकावं लागलं. उरलेलं त्याने धुवून पुन्हा विणलं. आता आम्ही दोघं जातो. मोटार मी धरते. बाटली होडीला टेकवून आवाज होईपर्यंत नेते, मग तो दोरी शोधतो. कधी पहिल्याच वेळी सापडते, कधी त्याचा हात पत्र्यावर फिरत राहतो. सांगितलेलं त्याला आवडत नाही, म्हणून मी बोलत नाही. वारा असला तर होडी धरून बसते आणि त्याचा हात दोरीला लागेपर्यंत थांबते.